किती दुरून काढला?
हौशी छायाचित्रकारांच्या समीक्षेचा एक मागोवा

ताडोब्याच्या मोहर्ली गेटातून संध्याकाळच्या जिप्सी बाहेर पडल्या की जवळच्या चहाच्या टपरीवर एक अनौपचारिक सभा भरते. नागपूर, चंद्रपूर, पुणे, मुंबई अशा गावांहून आलेली हौशी मंडळी कॅमेऱ्याच्या पाठीवरचा इवलासा पडदा एकमेकांपुढे धरतात. कोणी म्हणते, ‘‘अबे, शेपूट कापली तू.’’ कोणी म्हणते, ‘‘डोळ्यात चमक नाही.’’ कोणाला मागचे गवत फार उजळ वाटते, कोणाला वाघाच्या तोंडापुढे मोकळी जागा कमी वाटते. एवढ्यात कोणी विचारतो, ‘‘किती दुरून काढला?’’ उत्तर येते, ‘‘सहाशेवर.’’ म्हणजे सहाशे मिलिमीटरच्या लेन्सवर. प्रश्न अंतराचा होता, उत्तर भिंगाचे मिळाले. कोणालाच त्यात काही चुकल्यासारखे वाटत नाही आणि चर्चा पुढे सरकते.

या छोट्याशा गफलतीत हौशी छायाचित्रणाच्या समीक्षेचा दीडशे वर्षांहून जुना इतिहास दडलेला आहे, असे मला वाटते. छायाचित्राविषयी बोलताना आपण चौकटीच्या आतल्या सगळ्या गोष्टींची नावे घ्यायला शिकलो. चौकट जिथून धरली त्या जागेविषयी, म्हणजे छायाचित्रकार कोठे, कसा आणि कोणाच्या वाटेत उभा होता याविषयी बोलण्याची भाषा मात्र आपल्याकडे फारशी घडली नाही. मराठीत यासाठी दोन शब्द हाताशी आहेत. परीक्षण म्हणजे कसोटीला लावणे, गुण देणे, पास-नापास ठरवणे. समीक्षा म्हणजे नीट, सर्व बाजूंनी पाहणे. छायाचित्रकारांच्या मंडळांत पहिल्याची परंपरा भक्कम झाली. दुसरीची सुरुवात अनेकदा होऊनही ती अर्ध्यावर राहिली. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलजिल्ह्यांत तिची गरज आज सर्वाधिक जाणवते, म्हणून हा मागोवा.

आरंभ मुंबईपासून करावा लागतो. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३ मध्ये निघाली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रास येथील संस्था त्यानंतरच्या, १८५६ च्या. मुंबईच्या संस्थेत ब्रिटिश लष्करी आणि मुलकी अधिकाऱ्यांबरोबर डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय सभासद होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ साली छायाचित्रणाचा वर्ग निघाला; हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखा व्यावसायिक छायाचित्रकार त्यातून तयार झाला. संस्थेने स्वतःचे नियतकालिक काढले. अशा संस्थांच्या बैठकांत सभासद आपली चित्रे मांडत, रसायनांचे प्रमाण सांगत आणि कागद का पिवळा पडतो, उष्ण हवेत काच का बिघडते याची चिकित्सा करीत. या पहिल्या समीक्षेचा विषय प्रामुख्याने कृती हा होता: चित्र कसे साधले आणि दुसऱ्यांदा कसे साधेल.

याच वर्तुळातल्या विल्यम जॉन्सन यांनी १८५६ पासून ‘द इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक आल्बम’ हे मासिक प्रकाशन चालवले. त्याच्या नावातला ‘हौशी’ हा शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुढे १८६३ मध्ये जॉन्सन यांच्या ‘द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्स, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे’ या ग्रंथाचा पहिला भाग आला. त्यात मुंबईतील विविध जातिजमातींची माणसे शहरातील इमारती आणि निसर्गदृश्ये यांच्यापुढे उभी दिसतात. प्रत्यक्षात ती तेथे उभी नव्हती. त्यांची चित्रे वेगळी घेऊन, कापून, दुसऱ्या चित्रांवर बसवलेली आहेत. संगणकावर वाघाला एका झुडपापुढून उचलून दुसऱ्या झुडपापुढे ठेवणाऱ्याला आज आपण दोष देतो. ती कला आपल्याकडे इतकी जुनी आहे. अशा चित्रात माणसाचा चेहरा खरा असतो, पोशाख खरा असतो, मागचे स्थळही खरे असते. खोटी असते ती फक्त त्यांची एकत्र असण्याची गोष्ट. निव्वळ चौकटीकडे पाहून हे खोटेपण पकडणे अवघड, आणि चौकटीकडेच पाहण्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास तर पुढेच सुरू व्हायचा होता.

तो अभ्यास चित्रकलेकडून आला. छायाचित्र ही कला आहे की यंत्राची करामत, या वादात कलेची बाजू घेणाऱ्यांनी चित्रकलेचे नियम उसने घेतले. हेन्री पीच रॉबिन्सन यांनी १८५८ मध्ये पाच निगेटिव्ह जोडून ‘फेडिंग अवे’ हे मरणासन्न मुलीचे चित्र केले आणि १८६९ मध्ये ‘पिक्टोरियल इफेक्ट इन फोटोग्राफी’ या पुस्तकात रचनेचे धडे दिले. आज प्रत्येक नवशिक्याला पहिल्याच दिवशी ऐकावा लागणारा ‘तृतीयांशाचा नियम’ त्याहून जुना: जॉन थॉमस स्मिथ यांनी तो १७९७ साली, छायाचित्रणाचा जन्म होण्यापूर्वी, ग्रामीण निसर्गदृश्यांच्या चित्रणावरील आपल्या पुस्तकात मांडला होता. ताडोब्याच्या टपरीवर ‘‘वाघ मधोमध आला रे’’ असे म्हणणारा तरुण अठराव्या शतकातल्या एका इंग्रज चित्रकाराचे ऋण फेडत असतो आणि त्याला त्याची गंधवार्ताही नसते.

हे पिक्टोरियल वळण मुंबईत रुजले ते विसाव्या शतकात. १९३२ मध्ये कॅमेरा पिक्टोरियलिस्ट्स ऑफ बॉम्बे, १९३७ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया आणि १९५३ मध्ये देशभरच्या मंडळांना जोडणारे फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफी अशी साखळी उभी राहिली. या संस्थांचे ऋण मोठे आहे. ज्या काळात छायाचित्रण शिकवणारी विद्यालये हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी होती, त्या काळात डॉक्टर, वकील, कारकून आणि शिक्षक यांनी एकमेकांना ही कला शिकवली. मंडळातील परीक्षणाच्या संध्याकाळीचा परिपाठ जगभर साधारण एकच होता. प्रिंट स्टँडवर ठेवायची, दिवा तिच्यावर सोडायचा, काढणाऱ्याचे नाव सांगायचे नाही. परीक्षक रचना, छटा, प्रकाश आणि धुलाई यांवर बोलणार आणि गुण देणार. प्रदर्शनात चित्र ‘स्वीकृत’ होणार किंवा परत येणार. स्वीकृतींची संख्या साचली की नावापुढे लावायची पदवी मिळणार.

साहित्याच्या अध्यापकांना ही पद्धत ओळखीची वाटेल. आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांच्या हाती कवीचे नाव काढून टाकलेल्या कविता दिल्या आणि त्यांच्या प्रतिक्रियांतून १९२९ चे ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ उभे राहिले. नाव झाकल्यामुळे दबदबा जातो, वशिला जातो, समोरची कृती तेवढी उरते. आपल्याकडे मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये कलाकृतीच्या अंतर्गत संघटनेवर जो भर दिला, त्याची छाया एका पिढीच्या अध्यापनावर राहिली. मंडळातल्या परीक्षकाने मर्ढेकर वाचलेले नसतील, पण तोही आपल्या परीने रूपवादीच होता. यात न्यायाची एक मोठी सोय आहे. नवख्या कारकुनाची प्रिंट आणि अध्यक्षांची प्रिंट एकाच दिव्याखाली येते. मात्र नाव झाकताना त्याबरोबर आणखीही काही झाकले गेले. कवितेच्या बाबतीत कवी टेबलापाशी बसला होता की खिडकीपाशी, याने शब्दांत फरक पडत नाही. छायाचित्राच्या बाबतीत उभे राहण्याची जागा हीच अर्धी कृती असते. ती जागा बदलली की चित्र बदलते, आणि त्या जागेवर उभे राहिल्यामुळे समोरच्या जगातही काही बदलते.

रोलच्या काळात या उणिवेची धार बोथट राहिली, कारण वेळच समीक्षकाचे काम करीत होता. एका रोलमध्ये ३६ चित्रे. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा कृष्णधवल ‘इंदू’ रोल त्यातल्या त्यात परवडणारा. तो न्हाणीघराच्या दाराला काळे कापड लावून घरीही धुता येई. रंगीत स्लाइडसाठी मोठ्या शहराकडे पाहावे लागे. जंगलात घेतलेले चित्र हाती यायला आठवडे लागत आणि मंडळाच्या बैठकीपुढे यायला आणखी काही दिवस. तोवर ते पाणवठ्याचे पाणी आटलेले, ते गवत जळून गेलेले. मिळालेली टीका त्या चित्राच्या उपयोगी नसे, पुढच्या रोलसाठी असे. म्हणूनच जुने छायाचित्रकार वहीत छिद्रमान आणि शटरचा वेग टिपून ठेवत. वही नसेल तर टीकेला धरायला काही उरत नसे. शिवाय बटण दाबण्यापूर्वीच मनातला परीक्षक जागा होई. पंचविसावे चित्र झाले, अकरा उरली, वाघ अजून दिसायचा आहे, ही मोजदाद म्हणजेच संयम.

दोन हजारच्या दशकात डिजिटल कॅमेरा हौशी माणसाच्या आवाक्यात आला आणि घेणे व दाखवणे यांतले अंतर संपले. आता जिप्सी वाघापुढे उभी असतानाच पहिले परीक्षण होते. चित्र पाहायचे, शेपूट कापलेली दिसली की चालकाला म्हणायचे, ‘‘भाऊ, जरा मागे घे.’’ सेकंदाला दहा-वीस चित्रे घेणाऱ्या यंत्राला मनातल्या परीक्षकाची वाट पाहावी लागत नाही. टीका वेगवान झाली, सुलभ झाली, तिचा फायदा खेड्यातल्या मुलालाही मिळू लागला, हे सारे मान्य केले पाहिजे. परंतु तिचा परिणामही लगेच, तिथेच, प्राण्यासमोर होऊ लागला. पूर्वी ‘थोडे जवळून हवे होते’ हा शेरा कागदावर पडे. आता तो गाडीच्या चाकांवर पडतो.

येथे टीका घेणाऱ्याच्या मनाचाही विचार करायला हवा. स्वतःचे चित्र पाहताना छायाचित्रकाराला त्यात पहाटेची थंडी दिसते, चार तासांची प्रतीक्षा दिसते, फुकट गेलेल्या तीन फेऱ्या दिसतात. पाहणाऱ्याला यातले काही दिसत नाही आणि दिसण्याचे कारणही नाही. विमसॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ मध्ये लेखकाच्या हेतूवरून कृतीचे मोल ठरवण्याच्या चुकीला नाव दिले. हौशी छायाचित्रकार तीच चूक कष्टांच्या बाबतीत करतो. ‘एवढा थांबलो, म्हणून चित्र चांगले’ हा युक्तिवाद चालत नाही, आणि मंडळातला चांगला परीक्षक ते प्रेमाने पण निक्षून सांगतो. पण एक विसंगती पाहा. कष्टांची हकिगत जेथे सहानुभूती मिळवून देते तेथे छायाचित्रकार ती आपणहून सांगतो. जेथे हकिगत अडचणीची असते, म्हणजे किती गाड्या होत्या, वाट कोणी अडवली, प्राणी कोणाच्या आवाजाने वळून पाहत होता, तेथे तो म्हणतो, ‘‘चित्राकडे बघा, चित्रावर बोला.’’ चौकटीबाहेरचे जग कधी साक्षीला बोलवायचे आणि कधी दाराबाहेर ठेवायचे हे त्याच्याच हाती राहते. रूपवादाची ही सोयीस्कर आवृत्ती आहे, आणि समीक्षेने प्रथम आक्षेप घ्यायचा तो हिच्यावर.

जगातल्या मोठ्या स्पर्धांनाही हे उशिरा कळले. लंडनच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या स्पर्धेत २००९ चे सर्वोच्च पारितोषिक फाटकावरून उडी घेणाऱ्या लांडग्याच्या चित्राला मिळाले होते. जानेवारी २०१० मध्ये ते काढून घेण्यात आले, कारण लांडगा बहुधा माणसाळलेला, शिकवलेला होता असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला. छायाचित्रकाराने तो नाकारला. याच स्पर्धेत २०१७ साली पारितोषिक मिळवणारे, ब्राझीलमधील वारुळापुढच्या मुंगीखाऊचे चित्र एप्रिल २०१८ मध्ये बाद झाले: तो मुंगीखाऊ पेंढा भरलेला असावा, असा निर्वाळा तज्ज्ञांनी दिला. तेथेही छायाचित्रकाराने आरोप फेटाळला. दोन्ही चित्रे रचनेच्या, प्रकाशाच्या, कथनाच्या कसोटीवर उत्तीर्ण झाली होती. शंका उपस्थित झाली ती प्राणी आणि स्थळ ओळखणाऱ्यांमुळे. तो विशिष्ट लांडगा, तो विशिष्ट पेंढा भरलेला प्राणी कोठे असतो हे ज्यांना ठाऊक होते, त्यांनी पाहिले आणि म्हटले, ‘हा तर तोच.’ स्थानिक ज्ञान हेही समीक्षेचे साधन आहे, हा या दोन प्रकरणांचा धडा. २०१४ मध्ये रॉयल फोटोग्राफिक सोसायटी, फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका आणि आंतरराष्ट्रीय महासंघ ‘फियाप’ यांनी निसर्गचित्राची समान व्याख्या स्वीकारली. चित्रातून काही काढणे, त्यात काही घालणे किंवा हलवणे तिने निषिद्ध ठरवले. मूळ रॉ फाइल मागण्याची प्रथाही रूढ झाली. रॉ फाइल चित्रात फेरफार झाला का ते सांगते. चित्र घेताना जंगलात फेरफार झाला का, हे मात्र ती सांगत नाही.

हे सारे ताडोब्याला लागू करून पाहू. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ मध्ये झाले, अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये, व्याघ्रप्रकल्प १९९५ मध्ये. बफर क्षेत्रासह आज त्याचा विस्तार सुमारे १,७२७ चौरस किलोमीटर आहे. ज्याच्या नावावरून ताडोबा हे नाव पडले तो तारू हा, दंतकथेनुसार, वाघाशी झुंजताना मेलेला गोंड गावप्रमुख. तळ्याकाठी त्याचे देवस्थान आहे. म्हणजे या जंगलाच्या नावातच वाघ आणि माणूस यांच्यातल्या अंतराची गोष्ट आहे, आणि ते अंतर संपले तेव्हा काय झाले याचीही. बाहेरून येणाऱ्यांना दिसते ती निराळी गोष्ट: पांढरपवनीची ‘माया’ वाघीण, तिचे बछडे, पाण्यातले तिचे प्रतिबिंब. माया भारतातील बहुधा सर्वाधिक छायाचित्रित वाघिणींपैकी एक असेल. नोव्हेंबर २०२१ मध्ये कोलारा परिक्षेत्रात व्याघ्रगणनेच्या पूर्वतयारीसाठी पायी फिरणाऱ्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. ती वाघीण माया होती, असे तेव्हाच्या वृत्तांतून पुढे आले. २०२३ मध्ये माया दिसेनाशी झाली. जिप्सीतून सहाशे मिलिमीटरवर पाहणाऱ्याला जी मॉडेलसारखी भासत होती, तिच्याच प्रदेशात कोणी रोज पायी जात होते. चंद्रपूर जिल्ह्यात मोहफुले आणि तेंदूपाने गोळा करायला जाणाऱ्या माणसांचे मृत्यू ही दरवर्षीची बातमी आहे. हे अंतर कोणत्याही भिंगावर लिहिलेले नसते.

वाघाच्या छायाचित्राचा दुसरा एक वंश याच जंगलात नांदतो आणि त्याला मंडळांच्या परीक्षणाने कधी विचारलेले नाही. संयुक्त प्रांतातील वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी जंगलातल्या वाटेवर तार ताणून वाघाकडूनच वाघाचे चित्र काढवून घेतले. त्यांचे ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ १९२७ मध्ये आले. आजचा कॅमेरा ट्रॅप हा त्याच कल्पनेचा वारस. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले गेले, त्यांनी ३,४८,५८,६२३ चित्रे घेतली आणि त्यांपैकी ७६,६५१ चित्रांत वाघ होता. या चित्रांत तृतीयांशाचा नियम नाही, डोळ्यात चमक नाही, शेपूट तर हमखास कापलेली. परीक्षक ती पहिल्या फेरीत बाजूला ठेवील. पण कुशीवरच्या पट्ट्यांवरून हा कोणता वाघ, तो किती लांब फिरला, गेल्या गणनेनंतर जिवंत आहे की नाही, हे त्यांतूनच कळते. चित्र ‘चांगले’ कशासाठी, या प्रश्नाशिवाय चांगल्या-वाईटाची भाषा किती अपुरी आहे हे हा नापास झालेला ढीग दाखवून देतो.

आणि मग असेही एक चित्र आले, ज्याने चौकटीच्या बाहेरची जागाच चौकटीत आणली. ३१ डिसेंबर २०२४ रोजी शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ‘एफ-२’ वाघीण आणि तिचे बछडे सफारीच्या गाड्यांच्या गराड्यात अडकल्याची चित्रफीत सर्वत्र पसरली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. वन्यप्राण्यांपासून किमान २० मीटर अंतर राखावे, त्यांना घेरू नये, हे राष्ट्रीय व्याघ्रसंवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत आधीच होते. अशा प्रसंगी गराड्यातल्या कॅमेऱ्यांतून निघणाऱ्या चित्रांत वाघीण एकटी, शांत, गवतात चालताना दिसू शकते. त्यांतले एखादे रचनेच्या दृष्टीने निर्दोषही असू शकते. ते टपरीवर दाखवले गेले तर ‘‘बछड्याचा पाय कापला’’ यापलीकडे त्याच्यावर काय बोलले जाईल? गाड्यांची चित्रफीत आणि वाघिणीचे देखणे चित्र एकमेकांशेजारी ठेवली तरच समीक्षा पुरी होते.

वाघ बोलत नाही, त्यामुळे त्याच्या वतीने नियम करावे लागतात. गडचिरोलीत मात्र चौकटीतला जीव बोलू शकतो आणि तरीही त्याला विचारले जात नाही. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात, विशेषतः भामरागडकडे, जाणारा हौशी छायाचित्रकार माडिया स्त्रियांचे गोंदण, गळ्यातल्या माळा, वृद्धांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या घेऊन परततो. ‘काय टेक्स्चर आहे’ हा त्यावरचा नेहमीचा शेरा. ब्रिटिश सरकारने १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’चे आठ खंड काढले, त्यात माणसे जमातीचा नमुना म्हणून मांडलेली आहेत. जॉन्सनच्या ग्रंथाचा घाटही तोच होता. आपण त्या खंडांवर वसाहतवादाचे निबंध लिहितो आणि सुट्टीत जाऊन त्यांचाच नववा खंड काढून येतो. दलित साहित्याने मराठी समीक्षेला विचारलेला प्रश्न येथे आठवतो: ज्यांचे जगणे कृतीत आले आहे, त्यांच्या मापाने ती मोजायची की बाहेरून आणलेल्या मापाने? शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) मध्ये त्याची मांडणी केली. साहित्यात हा प्रश्न अभ्यासक्रमात आला. छायाचित्रणात मात्र त्या सुरकुत्यांच्या मालकिणीला आपले चित्र पाहायलाही क्वचित मिळते, मग त्यावर मत देणे दूरच.

यावर उपाय म्हणून नीतीची झडती घेणारे पथक उभे करावे, असे मी म्हणणार नाही. प्रत्येक चित्रकाराला आरोपी समजणारी टीका ही परीक्षणाचीच दुसरी तऱ्हा होईल. फक्त गुणांऐवजी पाप-पुण्य मोजले जाईल. शिवाय सभ्य माणसाने सभ्य अंतरावरून काढलेले चित्र कंटाळवाणे असू शकते, आणि ते तसे आहे हे सांगणे हेही समीक्षेचे काम आहे. रचना, प्रकाश, क्षण यांची जाण हौशी मंडळांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. ती टाकून देण्याची गरज नाही. गरज आहे ती तिच्या शेजारी आणखी एक खुर्ची मांडण्याची.

ती कशी मांडावी याचा एक नमुना गडचिरोलीतच आहे, जरी त्याचा कॅमेऱ्याशी काही संबंध नाही. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी एक. २००९ मध्ये ते त्याला मिळाले. मिलिंद बोकील यांच्या ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकामुळे मराठी वाचकांना ते परिचित आहे. या गावाने दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. ग्रामसभा निर्णय घेते, आणि तो बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेते. अभ्यासगट निर्णय घेत नाही. तो फक्त विषयाचा अभ्यास करतो, बाहेरच्या जाणकारांनाही बोलावतो, आणि त्यातून कळलेले ग्रामसभेपुढे ठेवतो. अभ्यासाच्या बैठकीत कोणी जिंकत नाही, म्हणून तिथे अज्ञान कबूल करता येते. ज्यांच्या जंगलाची चर्चा चालते ते त्या चर्चेत हजर असतात.

हौशी छायाचित्रकारांच्या मंडळांत नेमकी या दोन गोष्टींची गल्लत झाली. त्यांचा अभ्यासगट स्पर्धेच्या पोटात गेला. गुण, स्वीकृती, पदव्या आल्या आणि चर्चा निकालाचे स्पष्टीकरण तेवढी उरली. १८५४ च्या मुंबईतल्या बैठकांसारखी, चित्र कसे साधले हे मोकळेपणाने सांगण्याची आणि ऐकण्याची जागा आज पुन्हा लागणार आहे. त्या जागेवर मोहर्लीचा गाईड बसलेला असावा. चित्रातली वाघीण कान मागे घेऊन का उभी आहे हे तो परीक्षकाहून आधी ओळखील. तेंदूपाने तोडणारी बाईही असावी. भामरागडच्या चित्रावर बोलताना भामरागडचे कोणी असावे. त्यांनी रचनेवर बोलावे अशी अट नको. पण त्यांना दिसते ते रचनेइतकेच चित्राविषयीचे बोलणे आहे, हे मान्य असावे. आणि काढणाऱ्याने चित्राबरोबर त्याची हकिगत ठेवावी, कौतुकाची तेवढी अडचणीचीही. व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ किंवा मारुती चितमपल्लींचे वनलेखन वाचताना लेखक कोठे बसला होता, किती वेळ, कोणाच्या सोबतीने, हे आपल्याला कळते आणि त्याने लेखनाचे काही बिघडत नाही. उलट आपला विश्वास वाढतो.

टपरीवरचा तो प्रश्न म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो. ‘‘किती दुरून काढला?’’ विचारणाऱ्याच्या मनात कदाचित भिंगच होते. पण मराठीत तो प्रश्न पुरता विचारला गेलेला आहे. उत्तर तेवढे अपुरे होते. पुढच्या वेळी कोणी ‘‘सहाशेवर’’ म्हणाला तर त्याला चहाचा दुसरा कप द्यावा आणि म्हणावे, ‘‘ते कळलं. पाऊलं किती होती?’’